बुजवलेल्या विहिरीतला अंधार

जंगू कुमरे आणि जपानी बाबा यांची पहिली गाठ पडली तेव्हा बोरगाव मेघेतली कुत्री जी गप्प झाली, ती पोळ्यापर्यंत भुंकलीच नाहीत असं सांगतात. कावळे म्हणे उलटे उडत गेले. वर्ध्याहून टपाल घेऊन आलेला पोस्टमन सायकलवरून पाय टेकायला विसरला आणि तसाच अधांतरी उभा राहिला. यातलं निम्मं सोडून दिलं तरी उरलेलं निम्मं पुष्कळ आहे.

महादेवराव वकिलांच्या संत्र्याच्या वाडीत पाटाच्या कडेला एका माणसाच्या रुंदीचा बांध होता. त्याच्या एका टोकाने बाबा येत होता. राखी झगा, डोक्याचा तुळतुळीत गोटा, उंची जंगूच्या बेंबीइतकी. हातात एक पोकळ लाकडी मासा, त्यावर तो दांडीने टोला द्यायचा. टोक, टोक. दुसऱ्या टोकाने जंगू येत होता. माणूस सागाच्या खांबासारखा, पण डोक्यावर कडब्याचा एवढा भारा की खाली कुणी आहे हे नुसत्या पायांवरून कळावं. बाबा वाकला, कारण त्याच्या देशात तशी रीत. जंगू वाकला, कारण समोरचा वाकलेला असताना ताठ राहायला तो काही तहसीलदार नव्हता. जंगू वाकला म्हणून बाबा आणखी वाकला. बाबाच्या गोट्याला जमीन लागायची वेळ आली म्हणून जंगू आणखी वाकला, आणि सगळा कडबा बाबावर कोसळला.

परदेशी साधू आपल्या हातून कडब्याखाली मेला तर वर्ध्याच्या ठाण्यात काय सांगायचं, याची जंगूने जुळवाजुळवसुद्धा सुरू केली. तेवढ्यात भाऱ्याच्या पोटातून आवाज आला.

टोक.

"जिता आहे," जंगू म्हणाला आणि त्याने कडबा उपसायला घेतला. त्या दिवसापासून दोघांचं जमलं.

बाबा आदल्या वर्षीच्या बुद्धजयंतीच्या गर्दीबरोबर हिंदुस्थानात आलेला. गर्दी परत गेली, हा राहिला. गयेच्या एका टांगेवाल्याकडून हिंदी शिकला होता, त्यामुळे त्याचं बोलणं थेट होतं आणि अधूनमधून तो घोड्याला हाकल्यासारखा माणसाला हाकायचा. महादेवरावांनी त्याला वाडीतली टिनाची खोली दिली. जंगू वाडीचा रखवालदार. आष्टीकडच्या डोंगराला टेकून त्याचं गाव. तिथली दोन एकरांची तूर निघाली की तो बोरगावला यायचा आणि पेरणीच्या तोंडावर परत जायचा.

जंगूची कीर्ती मात्र रखवालीत नव्हती. त्याच्या गोतात लग्नाची एक रीत होती. वरात नवरीच्या दारात पोचली की मांडवाच्या तोंडाशी आडवा बांबू पडायचा. बांबूच्या आत नवरीकडचं एक शहाणं माणूस, बाहेर नवऱ्याकडचं. दोघांनी एकमेकांना कोडी घालायची. विचारणाऱ्याने कोडं घालण्याआधी त्याचा जबाब पंचाच्या कानात सांगायचा, म्हणजे मागून कुणी जबाब फिरवू नये. बरोबरी झाली तर शेवटचं कोडं पाहुण्यांचं. ते नवरीकडच्यांना सुटलं नाही तर बांबू मानाने उचलला जायचा. सुटलं, किंवा त्याआधीच पाहुण्यांचा शहाणा एखाद्या कोड्याला अडला, तर त्याच्या डोक्यावर शेणाने सारवलेलं टोपलं पालथं घालून त्याला मांडवाभोवती फिरवायचं, आणि मग वरात आत. नवरी काही कुणी अडवून ठेवत नसे, पण टोपल्याखालून गेलेला माणूस जन्मभर टोपल्याखालचाच राही.

कुमऱ्यांच्या प्रत्येक वरातीत पुढे जंगू असे. त्याचा हिशेब सरळ होता. कोडं म्हणजे झाकलेलं गाडगं. झाकणाची कड शोधायची, बोट घालायचं, उचलायचं. आत काहीतरी असतंच, नाहीतर कुणी झाकलं कशाला असतं. "काया रानात पांढरी वरात, वाजा ना गाजा, गेली जिनात." कापूस, जिनात सरकी काढायला निघालेला. त्याला पापणी लवेपर्यंतही वेळ लागत नसे. त्या वर्षी आपला वर्धा जिल्हा जागचा न हलता मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, तर जंगूने त्याचंही कोडं करून टाकलं: "उठलं नाई, चाललं नाई, तरी परगावी गेलं." महादेवराव वकिलांनी ते वर्ध्याच्या बाररूममध्ये स्वतःचं म्हणून सांगितलं.

या सगळ्या कीर्तीला एकच भोक होतं, आणि ते जंगूच्या स्वतःच्या लग्नात पडलेलं. तेव्हा शहाणा म्हणून तोच पुढे झाला होता, नवरदेव असूनही. आधी तसं कुणी केलं नव्हतं, नंतरही नाही. बांबूच्या आत उभी होती नवरीची थोरली बहीण, म्हणजे त्याची आकडसासू, भागाबाई. तिने विचारलं, "चालते तं दिसत नाई, थांबते तं उरत नाई." जंगू विचार करत बसला असताना वारा सुटला आणि त्याच्या डोक्यावरचा नवाकोरा फेटा उडून चिंचेच्या शेंड्याला लागला. जंगूने फेट्याकडे पाहिलं, भागाबाईकडे पाहिलं आणि ठासून सांगितलं, "साप." नवरदेव टोपलं घालून मांडवाभोवती फिरला. त्याच्या बायकोने, रुखमाने, त्याला पहिल्यांदा नीट पाहिला तो टोपल्याखाली. त्यालाही आता मिशा पांढऱ्या होण्याइतका काळ लोटला होता, पण सासरच्या गावात पोरंटोरंसुद्धा त्याला पाहिलं की आकाशाकडे बोट करून विचारत, "जवाई, साप दिसला का?"

आणि येत्या वैशाखात त्याच्या पुतण्याचं, मंगरूचं लग्न त्याच दारात ठरलं होतं. नवरी सुंदरा, घरजावई करून माहेरीच राहिलेल्या भागाबाईची लेक. म्हणजे बांबूच्या आत पुन्हा भागाबाई.

"ह्या बारीले मी टोपल्याखाली गेलो," जंगू रुखमाला म्हणाला होता, "तं कुमऱ्याइच्या वरातीत पुन्हा पुढं नाई राहनार."

"मंग कुठं राहसान?" रुखमाने विचारलं. "मांगं तं बैल राह्यते."

म्हणून जंगू त्या साली वाडीत नुसती राखण करत नव्हता. तो कोडं शोधत होता. असं कोडं, की भागाबाईच्या बोटाला झाकणाची कडच लागू नये.

माघात महादेवरावांनी वाडीतली जुनी विहीर बुजवायला काढली. पाणी आटलं होतं, वासरू पडता पडता वाचलं होतं. आधी आत उतरून बघ म्हटलं तेव्हा जंगू अंधाराला भ्याला होता; आता तो दिवसभर काठावरून मुरूम ओतायचा. बाबा काठावर मांडी घालून बसायचा आणि प्रत्येक टोपल्याला माशावर एक टोला द्यायचा. शेवटी विहीर जमिनीला आली. जंगूने पायाने माती दाबली आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

बाबाने विचारलं, "जंगू, कुआँ भर गया. उसके अंदर का अँधेरा कहाँ फेंका?"

जंगू हसला. मग थांबला. मग त्याने मागे वळून पाहिलं, जसं काही मुरमाबरोबर अंधारही कुठेतरी ओतलेला असावा. दिवसभर तो त्या विहिरीत डोकावत होता. अंधार तिथे होता, हे तो कुणाच्याही गळ्यावर हात ठेवून सांगू शकला असता. आणि आता नव्हता. तो वर आलेला त्याने पाहिला नव्हता.

"मातीखाली दबला," तो म्हणाला.

टोक. "नहीं."

"मातीनं पेला."

टोक. "नहीं."

"उडून गेला असन."

बाबाने मासा खाली ठेवला आणि टांगेवाल्याच्या सुरात म्हणाला, "चल, हट."

पुढचे काही दिवस जंगूची स्थिती बघवत नव्हती. संत्र्याच्या आळ्यात त्याने हातभर खड्डा खणला, वर ओणवा होऊन आतला अंधार डोळ्यांत भरून घेतला आणि खड्ड्यावरची नजर न काढता हाताने माती लोटत राहिला, म्हणजे अंधार निसटताना तरी सापडेल. महादेवरावांच्या बायकोने, देवकाबाईने, हे ओसरीतून पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमचा जंगू जमिनीशी बोलून राह्यला. जरा पाहा."

महादेवराव वकील मोठे तर्कशुद्ध गृहस्थ. कॉलेजात तर्कशास्त्र घेऊन पास झाले होते आणि ते शास्त्र त्यांनी घरातही चालवायचा पुष्कळ प्रयत्न केला होता. त्यांनी कोडं ऐकलं, चष्मा पुसला आणि एका दमात निकाल दिला. "अंधार ही वस्तूच नाही जंगू. उजेड नसणं म्हणजे अंधार. जे मुळात नाहीच, ते जाणार कुठे? प्रश्नच चुकीचा. सांग जा तुझ्या बाबाला."

जंगूला हे फार आवडलं. गाडगं उघडलं होतं आणि आत काहीच नव्हतं, पण निदान ते वकिलाने उघडलं होतं. तो धावतच टिनाच्या खोलीकडे गेला.

बाबाने सगळं ऐकून घेतलं आणि मान डोलावली. "बहुत अच्छा. वकीलसाहब से पूछ, कुएँ में उतरने को बोला था, तब तू डर गया था. किससे डरा? जो था ही नहीं, उससे?"

जंगू परत वकिलांकडे. वकील म्हणाले, भीती ही मनाची अवस्था. जंगू बाबाकडे. बाबा म्हणाला, मन दिखाओ. जंगू वकिलांकडे. हा फेरा असा चालला की पाटाच्या बांधावर पायवाट पडली. अखेरीस महादेवरावांनी अशिलांसमोर टाक आपटला. "मन दाखवा म्हणजे काय? ते काय संत्रं आहे?" मग ते बराच वेळ टाकाच्या मोडलेल्या टोकाकडे बघत बसले. त्या दिवसापासून त्यांना ओसरीतून बुजवलेली विहीर दिसू नये म्हणून देवकाबाईने त्यांची खुर्ची फिरवून ठेवली.

आणि इथेच जंगूच्या डोक्यात उजेड पडला. ज्या कोड्याने वर्ध्याच्या वकिलाची खुर्ची फिरली, त्या कोड्यापुढे भागाबाई काय चीज?

"बाबा," तो म्हणाला, "ह्याचा जबाब काय, ते मले सांग. लग्न आहे."

"जवाब होता तो मैं जापान में बैठा रहता," बाबा म्हणाला.

"म्हनजे जबाब नाई?"

बाबाने माशावर टोला दिला. जंगूने त्याचा अर्थ 'हो' असा घेतला. अडल्या माणसाने दुसरा कुठला घ्यावा?

वैशाखात वरात निघाली. आष्टी मागे टाकून गाड्या डोंगराच्या कडेकडेने चालल्या. वाटेत मंगरूने भीत भीत विचारलं, "काकाजी, ह्या बारीले साप तं नाई म्हनसान ना?"

"तू नवरदेव आहे," जंगू म्हणाला. "नवरदेवानं बोलू नाई. मी बोललो होतो, पाह्यलं ना काय झालं."

मांडवाच्या तोंडाशी बांबू आडवा पडला. आत भागाबाई उभी होती. केस पांढरे झाले होते, बाकी काही बदललं नव्हतं. तिच्या पायाशी नवं सारवलेलं टोपलं तयार होतं, सारवण अजून ओलं. पंच म्हणून खाटेवर डोमाजी बसला होता. हद्दीचे, म्हशींचे आणि माहेरी गेलेल्या सुनांचे सगळे तंटे त्यानेच मिटवलेले.

"या जवाई," भागाबाई म्हणाली. "फेटा घट बांधला का? वारं आहे आज."

मांडव हसला. जंगूही हसला, कारण त्याच्याकडे विहीर होती.

कोड्यांना कोडी भिडली. तिने घातलेली त्याने फोडली, त्याने घातलेली तिने त्याचं वाक्य संपायच्या आत. बरोबरी झाली. शेवटचं कोडं पाहुण्यांचं. जंगू उठला आणि डोमाजीच्या कानाशी वाकला.

"जबाब नाई," तो कुजबुजला.

डोमाजीने मान मागे घेऊन त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कान पुढे केला. "तुले ठाऊक नाई?"

"मले ठाऊक आहे का त्याले जबाब नाई."

"हे ठाऊक नसन्यापेक्षा येगळं कसं?"

"येगळं आहे बुढा. भायेरून दिसत नाई."

डोमाजीने दाढी खाजवली. आजवर तो 'माझी म्हैस' आणि 'माझी म्हैस' यांच्यात निवाडा करत आला होता. 'म्हैस नाहीच' असं म्हणणारा पहिल्यांदा भेटत होता. "ठीक आहे. म्हनजे ती जो जबाब देईन तो चूक."

"हो."

"अन् गप्प राह्यली तं?"

जंगू विजयाने म्हणाला, "तं हारली."

"काऊन? तूच म्हन्ते जबाब नाई. तिनं जबाब नाई देला. मंग बरोबरच झालं ना. गप्प राह्यली तं जितली."

वकिलाची खुर्ची फिरवणारं कोडं आता जंगूच्याच पायाखाली फिरलं होतं. पण मागे जायला वाट नव्हती. मागे बैल होते. त्याने मांडवाआडून भागाबाईकडे पाहिलं. ती एकाच वेळी आचाऱ्याला शिव्या, लेकीला सूचना आणि वऱ्हाडाला टोमणे देत होती. त्याच्या जिवात जीव आला.

"ते लिहून ठेव बुढा," तो डोमाजीला म्हणाला. "दुनिया इकडची तिकडं होईन, पन ती बाई गप्प नाई राहनार."

मग तो बांबूपाशी आला, छाती पुढे काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "सांग आकडसासू. हीर बुजोली. तिच्यातला अंधार कुठं गेला?"

मांडवात चुळबुळ झाली. कुणी म्हणालं मातीत, कुणी म्हणालं पाताळात, एका म्हाताऱ्याने तर पुऱ्या तयारीनिशी पावसाळ्यातल्या ढगांचं कारण सांगितलं. डोमाजीने सगळ्यांना हाताने बसवलं. जबाब फक्त भागाबाईने द्यायचा होता.

आणि भागाबाई गप्प राहिली.

जन्मात पहिल्यांदा राहिली. तिने पदर सारखा केला, जंगूकडे बघितलं आणि बघतच राहिली. बोल बाई, जंगू मनात म्हणत होता, काहीही बोल, साप म्हण. डोमाजी खाटेवर पुढे सरकला. मंगरूने डोळे मिटले.

भागाबाई वाकली. पायाशी असलेलं टोपलं उचललं, बांबूवरून हात लांबवले आणि ते जंगूच्या डोक्यावर पालथं घातलं. थेट खांद्यांपर्यंत.

"सापडला का, जवाई?" बाहेरून तिचा आवाज आला.

आत काळोख होता. ओल्या शेणाचा वास येत होता, आणि काळोख इतका घट्ट, थंड आणि जवळचा होता की जंगूने त्याला ताबडतोब ओळखलं. माघात ज्याच्यात दिवसभर डोकावत होता, तोच. अगदी सगळा. तो कुठेही गेलेला नव्हता. जंगूला हसू फुटलं. आधी पोटात, मग छातीत, मग टोपलंच गदागदा हलायला लागलं.

बाहेर मात्र गोंधळ उडाला होता. कुमऱ्यांकडचे म्हणत, बाईने जबाब न देता टोपलं घातलं, ही फसवणूक आहे. नवरीकडचे म्हणत, तोंडाने काहीच बोलली नाही, म्हणजे गप्पच राहिली. कुणी म्हणत, 'सापडला का' म्हणाली ना, मग बोलली. डोमाजीने आयुष्यात प्रथमच निवाडा दुसऱ्यावर टाकला. तो टोपल्याजवळ आला आणि म्हणाला, "जंगू, कोडं तुवं. खरं सांग. बरोबर का चूक?"

एक शब्द पुरे होता. 'चूक' म्हटलं असतं तर बांबू उचलला गेला असता, तुतारी वाजली असती आणि आकाशाकडे बोट दाखवणारी पोरं कायमची गप्प झाली असती. आणि ते खोटंही ठरलं नसतं; जबाबच नाही, हे तर पंचाच्या कानात आधीच पोचलं होतं.

जंगूने हात वर करून टोपल्यावर बोटाच्या पेराने ठोकलं. टोक.

"म्हनजे काय?" डोमाजी म्हणाला.

"बरोबर," आतून आवाज आला. "पुरं बरोबर. असं बरोबर का मलेच ठाऊक नव्हतं."

रीतीप्रमाणे त्याला मांडवाभोवती फिरवला. वाट दिसत नव्हती म्हणून तो प्रत्येक खांबावर आदळला, आणि प्रत्येक खांबाला हसला. रुखमा चिंचेखाली उभी होती. दुसऱ्या खेपेलाही तिने नवरा टोपल्याखालीच पाहिला, आणि शेजारणीला म्हणाली, "त्याले तेच शोभते."

फेरी संपल्यावर टोपलं काढलं तेव्हा जंगूने भागाबाईला विचारलं, "तुले हा जबाब सुचला कसा?"

"जबाब कोनाले ठाऊक," भागाबाई म्हणाली. "तुह्या तोंडावर एवढं शहानपन दिसून राह्यलं होतं, का मले ते झाकावं वाटलं."

लग्न झाल्यावर जंगू बोरगावला परतला आणि बाबाला सगळं सांगितलं. बाबाने पूर्ण ऐकलं. मग तो उठला, आष्टीच्या दिशेला, भागाबाईच्या गावाकडे, तोंड केलं आणि वाकला, त्या पहिल्या दिवशी बांधावर वाकला होता त्याहून खाली.

मृगाआधी बाबा कलकत्त्याला निघून गेला. बुजवलेल्या विहिरीच्या जागी महादेवरावांनी कडब्यासाठी मांडव घातला. सोयरीक झाल्यामुळे पुढल्या सालापासून कुमऱ्यांच्या वरातीत कोडी सोडवायला भागाबाई जाऊ लागली. जंगू मागे बैल सांभाळायचा.